चिखलीची आगगाडी

प्रवासवर्णने लिहिणारी मंडळी बहुधा काशी, रामेश्वर, हिमालय अशा दूरच्या आणि थोर स्थळांविषयी लिहितात. आमच्या वाट्यास त्यांपैकी काही आलेले नाही. आम्ही सांगणार आहो तो प्रवास वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्याचा. आणि ज्या आगगाडीने तो केला, तिचा निम्मा मार्ग लोखंडाचा व निम्मा फेसाचा होता. हे विधान वाचून आमच्या प्रकृतीविषयी कोणास शंका येईल, तर त्यांनी थोडा धीर धरावा.

या साऱ्याचा आरंभ पुण्यास झाला. कोथरूडमध्ये श्री. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेले लहान आगगाड्यांचे संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. एका दालनात गावे, डोंगर, पूल, सिग्नल आणि त्यांमधून धावणाऱ्या वीतभर डब्यांच्या गाड्या पाहताना मोठी माणसेही आपले वय विसरतात. आमचे चिरंजीव त्या वेळी बारा वर्षांचे होते. त्यांना तर तेथून उठवून आणावे लागले. पुढे वर्षभर वाढदिवसाचे, मुंजीचे, मामाने दिलेले असे सर्व पैसे एकाच दिशेने गेले, आणि २०१८ च्या दिवाळीस आम्ही चिखलीस निघालो तेव्हा त्यांच्या पेटीत कपडे दोन आणि रूळ वीस फूट होते. एक इंजिन, चार डबे आणि विजेचा प्रवाह कमीजास्त करण्याची डबीही होती. सौभाग्यवतींनी फराळाचा डबा कोठे ठेवावयाचा, असा रास्त प्रश्न केला. त्यास उत्तर मिळाले नाही.

चिखली हे आमचे मूळ गाव. तेथे आमचे थोरले काका राहत. घरात व गावात त्यांस सारे अण्णाच म्हणत. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षे होऊन गेली होती.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघून मनमाड, भुसावळ करीत आम्ही जलंबला उतरलो. बुलढाणा जिल्ह्याचा जो भाग मुंबई-नागपूर लोहमार्गाच्या दोन्ही अंगांस पसरला आहे, तो पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट, काळ्या मातीचा प्रदेश. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशने त्यावर ओळीने येतात. १८६७ साली या मार्गाने गाडी नागपुरास पोहोचली. ज्या घाईने हा मार्ग वऱ्हाडातून नेण्यात आला, तिचे कारण येथील कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडील कापूस इंग्लंडात पोहोचेनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या रानाकडे वळली. खामगावची बाजारपेठ मुख्य मार्गापासून आठ मैल बाजूस राहिली होती. तेव्हा जलंबपासून तेथवर स्वतंत्र फाटा टाकण्यात आला, आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याने येऊन तो खुला केला. कापसाच्या गाठीसाठी लाटसाहेब आठ मैलांच्या रुळांच्या उद्घाटनास येतो, हे चिरंजीवांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "मग माणसांसाठी पुढे कोण आले?" त्या प्रश्नाचे खरे उत्तर आम्हांस चार दिवसांनी अण्णांकडून मिळावयाचे होते.

जलंबहून खामगावास जाणारी गाडी लहान, आणि प्रवासही लहान. बैठक जमवून चहाचा विचार करावा तो खामगाव येते. दुतर्फा कापसाची आणि तुरीची शेते होती. वेचणी चालू होती. बायका ओट्यात कापूस घेऊन वाकलेल्या दिसत. वाटेत एखादी मोरी, एखादे बाभळीचे बन, आणि दक्षिणेस क्षितिजावर निळसर, माथ्यावर सपाट अशी एक लांबच लांब रेघ. ती रेघ म्हणजे घाट. खामगावास रूळ संपतात आणि ती रेघ तेथून पुढे तशीच उभी राहते.

बुलढाणा जिल्ह्यातील मनुष्य स्वतःची ओळख देताना तालुका नंतर सांगतो. प्रथम तो घाटावरचा की घाटाखालचा हे सांगतो. मलकापूर, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हे घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावर. घाटाखालचे पाणी पूर्णेतून तापीस व तापीतून पश्चिम समुद्रास जाते. घाटावरची पैनगंगा वर्धेला मिळून अखेर गोदावरीच्या पाण्याबरोबर पूर्व समुद्रास पोहोचते. एकाच जिल्ह्याचे पाणी असे दोन समुद्रांस वाटले गेले आहे. आगगाडी मात्र सारी घाटाखालच्यांच्याच वाट्यास आली. खामगावाहून चिखलीमार्गे जालन्यास रूळ न्यावे, म्हणजे उत्तरेचा आणि दक्षिणेचा लोहमार्ग जोडले जातील, ही मागणी किती जुनी आहे हे आम्ही आमच्या पणजोबांच्या तोंडच्या गोष्टींवरून सांगू शकतो. अंतर सुमारे १६० किलोमीटर. मोजण्या झाल्या, निवेदने झाली, परिषदा झाल्या. आम्ही खामगावास उतरलो आणि नेहमीप्रमाणे एस.टी.त बसलो.

उंद्री, अमडापूर करीत गाडी वर चढली तसा वारा बदलला. चिखलीच्या घराच्या ओट्यावर अण्णा काठी टेकून उभेच होते. चिरंजीवांनी नमस्कार करून पहिले वाक्य उच्चारले, "अण्णाआजोबा, मी खामगावपासून इथपर्यंत रेल्वे आणली आहे. पेटीत आहे."

अण्णा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बाळ, मी एकोणऐंशी वर्षांचा झालो. लवकर काढ."

दुसऱ्या दिवसापासून कामास प्रारंभ झाला. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करावयाचा, त्यावर हळीव पेरावयाचे, ही आपल्याकडील मुलांची जुनी विद्या. तेव्हा डोंगर मातीचाच करावा असे सर्वानुमते ठरले. सुताराकडून आठ फूट लांब आणि चार फूट रुंद प्लायवूड आणून ओट्यावर मांडले व शेतातली काळी माती कालवून घाट रचला. पहिल्या दिवशी तो फार सुंदर दिसला. दुसऱ्या दिवशी माती सुकून त्यास बोट बोट भेगा गेल्या, आणि ओझ्याने फळी मधोमध वाकली. काळी माती ओलावली की फुगते आणि सुकली की आकसते, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आम्ही पुण्यास राहून विसरलो होतो. रूळ वेडेवाकडे झाले, आणि चौघांनी मिळून उचलू गेले तरी फळी जागची हलेना. अण्णांना संध्याकाळनंतर ओट्यावरचा गारठा सोसत नसे; त्यांच्या खाटेजवळ माजघरात गाडी दिसावी, तर डोंगर हलका पाहिजे होता.

थर्माकोल आणावे, असे आम्ही सुचविले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात महाराष्ट्र सरकारने प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली होती, आणि गावातील दुकानदाराने ते नाव ऐकताच हात जोडले. शेवटी हार्डवेअरच्या दुकानात खिडक्या-दारांच्या चौकटी बसविणारा एक कारागीर भेटला. चौकट आणि भिंत यांमधील फट बुजविण्यास तो डब्यातून फवारलेला फेस वापरीत असे. तो फेस फुगतो, घट्ट होतो, आणि हातात घेतला तर वाळल्या भोपळ्याहून हलका लागतो. आम्ही तीन डबे घेतले.

या पदार्थाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा उद्योग चालेल त्यांना ते उपयोगी पडतील. हा पॉलियुरेथेनचा एक प्रकार. जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर याने १९३७ साली या जातीच्या पदार्थांचा शोध लावला. डब्यात तो दाट पाकासारखा असून दाबलेल्या वायूबरोबर भरलेला असतो. बाहेर पडताच वायू पसरून त्याचा फेस होतो; मग हवेतील ओलाव्याशी त्याची रासायनिक क्रिया होते, तीतून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघून तो आणखी फुगतो, आणि ते बुडबुडे तसेच आत कोंडून पाक कठीण होतो. याचा अर्थ असा की तो सुकून घट्ट होत नसून पाणी पिऊन घट्ट होतो. कार्तिकातील कोरड्या हवेत त्यास ओलावा पुरत नाही. म्हणून फवारण्यापूर्वी पृष्ठभागावर आणि प्रत्येक थर दिल्यावर त्यावर पाण्याचा बारीक तुषार द्यावा लागतो. कपड्यांना इस्त्री करताना पाणी शिंपडण्याची बाटली त्यास उत्तम.

प्रथम आम्ही डबा हातात घेऊन माजघरातच आरंभ करणार होतो. सौभाग्यवतींनी डब्यावरील बारीक अक्षरे वाचली आणि आम्हांस उंबऱ्यावरच थांबविले.

"अहो, यात जळणारा वायू आहे. देवघरात नंदादीप आहे, स्वयंपाकघरात काकूंचा गॅस चालू आहे, आणि तुम्ही दोघे मधोमध उभे राहून हे फवारणार?"

आमचे अर्धे आयुष्य पुस्तके वाचण्यात गेले; डब्यावर काय लिहिले आहे ते मात्र घरातील स्त्रियाच वाचतात. ज्वाला, ठिणगी, फटाका यांच्या जवळपास हे काम मुळीच करू नये. उघड्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून करावे. त्याच्या वाफा फुफ्फुसांस अपायकारक असून दमेकऱ्याने तर तेथे उभेही राहू नये. अण्णांना दम्याची भावना होती, म्हणून फवारणीच्या वेळी त्यांना शेजारच्या घरी चहास पाठविण्यात आले. ते रुसून गेले. हातमोजे आणि डोळ्यांस चष्मा पाहिजेच. ओला फेस बोटास लागला तर ॲसिटोनने निघू शकतो, पण एकदा वाळला की कोणत्याही औषधाने निघत नाही. कातडीबरोबर आठ-दहा दिवसांनी झिजून जातो. हे आम्ही अनुभवाने सांगत आहो. भाऊबिजेच्या ओवाळणीचे ताट आम्ही उजव्या हाताच्या तीन पिवळट बोटांनी घेतले. आणखी एक गोष्ट: डबा उन्हात ठेवू नये. पन्नास अंशांवर तापल्यास तो फुटण्याचे भय असते, आणि आमच्या वैशाखात बंद मोटारीत एवढे तापमान सहज होते.

अंगणात फळी नेऊन तीवर आम्ही प्रथम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा सांगाडा केला व मधली पोकळी वर्तमानपत्रांच्या बोळ्यांनी भरली, म्हणजे फेस कमी लागावा. जेथे फेस चिकटू नये तेथे पॉलिथीन अंथरले, कारण त्यास तो धरत नाही. मग डबा हलवून, उलटा धरून, चिरंजीवांनी नळीचे तोंड दाबले. सोऱ्यातून चकली उतरावी तसा तो पिवळसर फेस वळ्यावळ्यांनी उतरू लागला, आणि पाहता पाहता ढोकळ्याप्रमाणे वर आला. काकू स्वयंपाकघरातून पाहत होत्या, म्हणाल्या, "मोहन जास्त झालं वाटतं." सारे घर हसले.

पण काकूंची सूचना खरी होती. डोंगर आणि नाल्यावरचा पूल यांमध्ये रुळांखाली एक पोकळी होती. ती एकदाच काठोकाठ भरून आम्ही निजलो. सकाळी पाहतो तो रूळ मध्यभागी उंटाच्या पाठीसारखे उचललेले, बोगद्याचे तोंड अर्धे बुजलेले. इंजिन चढावर गेले, क्षणभर थबकले आणि आडवे झाले. कोंडलेल्या जागेत हा फेस निम्म्याहून कमीच घालावयाचा आणि राहिलेली जागा त्याला फुगण्यास सोडावयाची, हा नियम आम्हांस त्या दिवशी कळला. अण्णा काठी टेकून आले, वाकून पाहिले, आणि म्हणाले, "चिखलीला रेल्वे न येण्याची कारणं मी जन्मभर ऐकत आलो. पैसा नाही म्हणाले, प्रवासी नाहीत म्हणाले. जमीनच फुगली, हे कारण मात्र नवं आहे."

फुगवटा हॅकसॉच्या पात्याने कापून पुन्हा बारीक थर दिले. दीड-दोन बोटांहून जाड एकही नाही. दुसऱ्या दिवशी डोंगर घट्ट झाला. तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. फेसाचा डोंगर गोल गोल, ढगांच्या पुंजक्यांसारखा दिसत होता. अण्णांनी मान हलविली. "हा डोंगर स्वित्झर्लंडचा असेल, आपला नव्हे. आपला घाट पायऱ्यापायऱ्यांचा आहे. जा, पाहून ये."

म्हणून आम्ही बापलेक बुलढाण्यास गेलो आणि तेथून मोताळ्याकडे उतरणाऱ्या राजूर घाटात पायी फिरलो. अण्णांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे पूर एकावर एक आले. प्रत्येक पुराचा एक थर थिजला. थरातील कठीण भाग कड्यासारखा उभा राहतो, मऊ भाग झिजून उतरण होते. पुन्हा कडा, पुन्हा उतरण. या खडकास इंग्रजीत जे ट्रॅप म्हणतात, ते नावही जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आले आहे. कड्यावर सागाची पाने करपू लागली होती, उतरणीवर पिवळे गवत, आणि खाली, धुरकट उन्हात, पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट विस्तार. आम्ही बसलो त्या दगडास मोहरीएवढी ते वाटाण्याएवढी भोके होती. चिरंजीवांनी खिशातून कापलेल्या फेसाचा तुकडा काढून त्याशेजारी ठेवला. "बाबा, दोन्ही सारखेच. यातही वायू अडकला, त्यातही." लाव्हा थिजताना त्यातील वायूचे बुडबुडे आत कोंडले, तीच ही भोके. निसर्गाने जे केले तेच चिरंजीवांनी अंगणात केले होते. फरक एवढाच की एक टिकाऊ निघाले, आणि दुसरे उन्हात उघडे ठेवले तर कालांतराने तपकिरी पडून भुकटी होते.

परत येऊन जुन्या विळीच्या आणि सुरीच्या साहाय्याने फेसाच्या पायऱ्या कोरल्या. कोरताना उडणारी पूड नाकात जाऊ नये म्हणून फडके बांधले. मग अण्णांच्या जीर्ण धोतराच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पातळ कालवणात बुडवून साऱ्या डोंगरावर पसरल्या. त्याने फेस झाकला जाऊन उन्हापासून वाचतो आणि रंगही धरतो. कड्यांना काळपट तपकिरी रंग दिला. उतरणीवर पाण्यात पातळ केलेला फेविकॉल लावून चाळलेली माती आणि रंगविलेला लाकडाचा भुसा शिंपडला. वाळलेल्या काटक्यांची झाडे झाली. खामगावच्या स्टेशनाजवळ खऱ्या कापसाच्या नखाएवढ्या गाठी रचल्या.

प्रमाणाचा हिशेब चिरंजीवांनी अण्णांबरोबर बसून केला. ही गाडी खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशी पट लहान. त्या मापाने जलंब-खामगाव फाटाच दीडशे मीटर भरला असता, आणि जालन्यापर्यंतचा मार्ग पावणेदोन किलोमीटरांहून अधिक. खामगाव आणि चिखली यांच्या उंचीत सुमारे तीनशे मीटरांचा फरक. तोही त्या मापाने साडेअकरा फुटांच्या घरात जातो, म्हणजे घाट माजघराच्या तुळयांतून वर निघाला असता. आपले ब्रॉडगेज रूळ १६७६ मिलिमीटर रुंद. त्यांची प्रतिकृती सव्वाएकोणीस मिलिमीटरांची हवी, पण दुकानात मिळतात ते परदेशच्या मापाचे साडेसोळा मिलिमीटरांचे. तेव्हा तडजोड करावी लागली. डोंगर दोन फूट केला. त्यातील आठच इंच गाडी चढते. तीस इंचांस एक इंच या चढणीने आठ इंचांना वीस फूट रूळ लागले, आणि जवळ होते तेवढेच होते. अण्णा म्हणाले, "बोरघाटात गोऱ्यांनी सदतिसास एक चढवली, १८६३ साली. तू त्यांच्याही पुढे गेलास."

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फळी माजघरात आणली. दोघांनी सहज उचलली. पणत्या सर्व बाहेर ओट्यावर ठेवल्या, कारण वाळलेला फेसही पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. अण्णा खाटेवर उशीला टेकून बसले. गाडी सुरू करण्यापूर्वी त्यांनी एक मागणी केली. "रुळांच्या बाजूने गाडीवाट काढ, आणि तिच्यावर एक बैलगाडी ठेव. वर छप्पर असलेली. खामगावकडे तोंड केलेली."

चिरंजीवांनी कारण विचारले. काकू आतून म्हणाल्या, "आज सणाच्या दिवशी नको." पण अण्णांनी सांगितले.

१९५१ चा श्रावण. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता. अण्णा बारा वर्षांचे, चिरंजीवांच्याच वयाचे. त्यांची आई, म्हणजे आमची आजी, बाळंतपणानंतरच्या तापाने पडली होती. वैद्य म्हणाले, अकोल्यास न्या. खामगावास गेले की गाडी होती. खामगावपर्यंत पोहोचणे हाच प्रश्न होता. पावसाने मोटार बंद होती. आजोबांनी छकड्यात गादी घातली, वर ताडपत्री बांधली, आणि सूर्यास्तास निघाले. अण्णा कंदील धरून पुढे बसले. घाट उतरताना बैलांचे खूर चिखलात घोट्यापर्यंत रुतत. पायथ्याच्या नाल्यास पूर आला होता. त्यांनी काठावर रात्र काढली. पलीकडे, फार दूर, खामगावच्या गाडीची शिटी पहाटे ऐकू आली असे अण्णा म्हणत. आईनेही ती ऐकली. "गाडी आली का रे?" एवढे तिने विचारले. पूर उतरला तेव्हा छकडा पुढे नेण्याचे कारण उरले नव्हते. ते तेथूनच मागे वळले.

आम्ही ही हकीकत पूर्वी कधी ऐकली नव्हती. आजी तापाने गेली, एवढेच आमच्या वडिलांनी सांगितले होते. ते तेव्हा तान्हे होते, आणि आता आम्हांस कळले की ते बाळंतपण त्यांचेच होते. खामगावच्या फाट्यासंबंधी चिरंजीवांनी गाडीत विचारलेला प्रश्न आम्हांस त्या क्षणी आठवला. त्यांनाही तो आठवला असावा, कारण ते काही न बोलता उठले, कागदाचा एक छकडा कापून त्यास काड्यांचे दांडे लावले, आणि अण्णांना विचारून विचारून, घाटाच्या पायथ्याशी, नाल्याच्या अलीकडे ठेवला.

मग गाडी सुटली. खामगावच्या कापसाजवळून निघाली, नाल्यावरचा पूल ओलांडला, छकड्याजवळून गेली, बोगद्यात शिरली, पायऱ्यापायऱ्यांच्या कड्याला वळसा घालून वर आली, आणि फळीच्या वरच्या कोपऱ्यात थांबली. अण्णांनी घड्याळ हातात धरले होते.

"किती?"

"चाळीस सेकंद," चिरंजीव म्हणाले.

"पुन्हा एकदा सोड. या खेपेस उलटी. वरून खाली."

गाडी चिखलीहून खामगावास उतरली. अण्णांनी ती पुरती पोहोचेपर्यंत पाहिली, घड्याळ उशाशी ठेवले आणि डोळे मिटून घेतले. काकूंनी त्यांच्या अंगावर पांघरूण घातले. त्या रात्री फराळ उशिरा झाला.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी स्टेशनाची फळी रंगविली. पिवळ्या पाट्यावर काळी अक्षरे, जशी आपण सर्व स्टेशनांवर पाहतो: चिखली. खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहावयाची होती. ती विचारण्यास ते अण्णांकडे गेले. अण्णांनी फळी हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिली. अक्षर चांगले आले आहे म्हणाले. मग म्हणाले, "उंची आपण लिहायची नसते, बाळ. रूळ येतात तेव्हा रेल्वेचे लोक मोजून लिहितात. ती जागा कोरी ठेव. आणि फळी लावू नकोस इतक्यात. तयार असू दे."

आम्हांस ते थोडे कठोर वाटले. मुलाचा विरस होईल असे वाटले. परंतु मुलास ते आमच्याहून चांगले कळले होते. त्याने फळी पुठ्ठ्यात गुंडाळून अण्णांच्या कपाटात ठेवली.

तिसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. डोंगर पुण्यास न्यावयाचा म्हणून हलका केला होता, पण तो चिखलीसच राहिला. चिरंजीवांनी इंजिन आणि डबेही तेथेच ठेवले. जाताना अण्णांनी एक शंका बोलून दाखविली. मातीचा किल्ला पावसात विरघळून मातीस मिळतो, पुढच्या वर्षी नवा करता येतो. हा फेस काही मातीस मिळणार नाही. ही शंका रास्त आहे, आणि दरवर्षीच्या आराशीसाठी हे साहित्य वापरू नये असे आम्ही वाचकांस मनापासून सांगू. जी वस्तू टाकून द्यावयाची आहे ती मातीची करावी. जी राहावयाची आहे तिचा प्रश्न वेगळा.

अण्णा पुढे तीन वर्षांनी गेले. शेवटच्या वर्षी त्यांना दूरचे दिसत नसे, तरी शेजारची मुले संध्याकाळी येऊन गाडी लावीत आणि ते आवाजावरून ती कोठे आहे ते सांगत. पूल, बोगदा, वळण. आम्ही हे लिहीत आहो तेव्हाही खामगावास रूळ संपतात, आणि घाटावर जाणारा मनुष्य तेथे उतरून एस.टी.चा रस्ता विचारतो. गेल्या दिवाळीत आम्ही चिखलीस गेलो होतो. फेसाच्या घाटावर धूळ बसली होती. सौभाग्यवतींनी ती मऊ कुंच्याने झाडली. चिरंजीव आता महाविद्यालयात जातात. त्यांनी अण्णांचे कपाट उघडून पुठ्ठ्यातली फळी काढली, तिचा रंग कोठे उडाला आहे का ते पाहिले, एका अक्षरावर पुन्हा ब्रश फिरविला, आणि वाळल्यावर ती होती तेथे ठेवून दिली. उंचीची जागा कोरीच आहे.